ब्याण्णव मीटर अलीकडे

२ ऑक्टोबर १९९१ रोजी आल्प्स पर्वतातल्या एका बर्फाळ खिंडीत ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या हद्दीची मोजणी झाली. मोजणी म्हटली की आपल्याकडे शेताचा बांध, वाटणी आणि भाऊबंदकी आठवते. इथे प्रश्न एका प्रेताचा होता. दोन आठवड्यांपूर्वी ते बर्फातून वर आले होते आणि ते कोणत्या देशाचे, हे ठरवायचे होते. मोजणीत निघाले की प्रेत सापडले ती जागा हद्दीपासून ९२.५६ मीटर इटलीच्या बाजूला आहे. म्हणजे गल्लीच्या तोंडापासून मधल्या गणपतीच्या मांडवापर्यंत जेवढे अंतर असते, साधारण तेवढे. त्या माणसाला मरून पाच हजार वर्षांहून अधिक काळ झाला होता. तो जिवंत होता तेव्हा ऑस्ट्रिया नव्हता, इटली नव्हता, जर्मन भाषा नव्हती आणि इटालियनही नव्हती.

मी सध्या इन्सब्रुकला शिकतो आहे. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताचे हे मुख्य ठिकाण. त्या माणसाला बर्फातून काढले ते आधी इथेच आणले आणि जानेवारी १९९८ पर्यंत तो इथल्या विद्यापीठाच्या ताब्यात होता. नंतर तो डोंगरापलीकडे, इटलीतल्या बोल्झानो या गावी गेला. इथून आगगाडीने साधारण दोन तासांची वाट. सकाळी निघून रात्री मुक्कामाला परत येता येते. मंडळाच्या स्मरणिकेसाठी 'तिकडचे काहीतरी लिहून पाठव' असा काकांचा निरोप आला होताच. एका शनिवारी बोल्झानोला जाऊन आलो. तिथे जे पाहिले आणि त्याआधी व नंतर जे वाचले, ते इथे मांडतो.

आधी तो सापडला कसा ते सांगायला हवे. १९ सप्टेंबर १९९१, गुरुवार. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे हेल्मुट आणि एरिका सिमोन हे जोडपे तिझेनयोख नावाच्या खिंडीजवळून चालले होते. उंची ३,२१० मीटर. नेहमीची पायवाट सोडून ते जरा आडवे गेले, तेव्हा एका घळीत साठलेल्या पाण्यात माणसाचे डोके आणि खांदे वर आलेले दिसले. त्या वर्षी सहाराच्या वाळवंटातून उडालेली धूळ आल्प्सच्या बर्फावर येऊन बसली होती. मळके बर्फ ऊन जास्त शोषते, त्यामुळे त्या उन्हाळ्यात वितळणेही जास्त झाले. नाहीतर तो माणूस कदाचित अजून तिथेच असता.

सिमोन पतीपत्नींना वाटले, कुणी वाट चुकलेला गिर्यारोहक असेल. पोलिसांनाही तसेच वाटले. डोंगरात असे मृतदेह अधूनमधून सापडतात, त्यामुळे कुणी फारसे मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी एका ऑस्ट्रियन पोलिसाने हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल लावून बर्फ फोडायला घेतले आणि ती डाव्या कमरेच्या खाली अंगात घुसली. योगायोगाने प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय एव्हरेस्ट चढणारा राइनहोल्ड मेसनर त्या भागात होता, तोही बघून गेला. हा मृतदेह जुना आहे, असे त्याचे मत पडले. २३ तारखेला इन्सब्रुकचे न्यायवैद्यक राइनर हेन यांनी प्रेत बाहेर काढले, तेही जवळ योग्य हत्यारे नसताना, बर्फ फोडायच्या कुदळीने आणि बर्फावर घसरताना वापरायच्या काठ्यांनी. या धांदलीत शेजारचे लांब धनुष्य तुटले. मग २४ तारखेला पुरातत्त्वज्ञ कोनराड स्पिंडलर यांनी सोबत आणलेली कुऱ्हाड पाहिली आणि हा माणूस किमान चार हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे सांगितले. पुढे कार्बन चाचण्या झाल्या आणि काळ आणखी मागे गेला: इ.स.पू. ३३५० ते ३१०० च्या दरम्यान.

आपल्याकडच्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेले इनामगाव हे आपल्या ताम्रपाषाण युगाचे सर्वांत परिचित गाव. त्याची वस्ती सुरू झाली ती साधारण इ.स.पू. १६०० च्या सुमारास. हा आल्प्सचा माणूस त्याच्याही दीड हजार वर्षे आधीचा. मात्र इनामगावात आपल्याला घरे, चुली, रांजण आणि घरातच पुरलेली माणसे मिळाली. इथे एकच माणूस मिळाला, पण ज्या कपड्यांत आणि ज्या सामानासह तो घराबाहेर पडला होता त्यासकट. दफनात जे ठेवतात ते मागे राहिलेल्यांनी निवडलेले असते. याच्या अंगावर जे होते ते त्याचे रोजचे होते.

जिथे तो सापडला त्या ओत्झताल खोऱ्यावरून व्हिएन्नाच्या कार्ल वेंडल या पत्रकाराने त्याला 'ओत्झी' म्हटले. बोल्झानोच्या संग्रहालयात त्याला 'बर्फातला माणूस' असेही म्हणतात. मलाही तेच बरे वाटते.

इन्सब्रुकहून निघालेली गाडी ब्रेनर खिंडीत हद्द ओलांडते. आता तिथे कुणी पासपोर्ट विचारत नाही. पण ही हद्द काही फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत खिंडीच्या दोन्ही बाजूंना टिरोलच होता आणि दोन्ही बाजूंना बहुतेक लोक जर्मन बोलत. १९१९ च्या सँ-जर्मेंच्या तहाने दक्षिणेकडचा भाग इटलीला दिला. हद्द कुठून जावी याचे तत्त्व सोपे ठेवले होते: ज्या बाजूचे पाणी उत्तरेकडे इन नदीला मिळते ती ऑस्ट्रिया, ज्या बाजूचे दक्षिणेकडे अदिजे नदीला मिळते ती इटली. आपल्या खानापूर तालुक्याचा माणूस हे लगेच समजेल. तिथल्याच डोंगरात उगम पावून म्हादई पश्चिमेला जाते आणि मलप्रभा पूर्वेला. पण डोंगराचा माथा दिसत असला तरच हे तत्त्व चालते. तिझेनयोखला त्या काळी हिमनदीचा जाड थर होता, खालचा खडक कुठे उंच आणि कुठे सखल ते कळायला मार्ग नव्हता. मोजणीदारांनी दोन हद्दीच्या खुणांमध्ये सरळ रेष ओढली. सत्तर वर्षांनी बर्फ वितळले तेव्हा उघडे पडले की प्रेताच्या जागेचे पाणी प्रत्यक्षात उत्तरेला, इनकडे जाते. तत्त्वाने पाहिले तर माणूस ऑस्ट्रियाचा, खुणांच्या रेषेने पाहिले तर इटलीचा. रेष खरी धरली गेली. पहिला अभ्यास इन्सब्रुकने करावा आणि मालकी बोल्झानो प्रांताची असावी, अशी तोड निघाली.

बोल्झानोला उतरलो. फलाटावरच्या पाटीवर दोन नावे: बोल्झानो आणि बोझेन. सगळ्या गल्ल्यांच्या पाट्यांवर तसेच. बेळगावच्या मुलाचे डोळे आपोआप पाट्यांकडेच जातात, त्याला इलाज नाही. गाव सुमारे लाखभर वस्तीचे, तीन बाजूंनी डोंगर, उतारावर द्राक्षांचे मळे. गावात इटालियन बोलणारे जास्त, साधारण चारात तीन. पण पूर्ण प्रांत धरला तर जर्मन बोलणारे दोन तृतीयांशांहून अधिक. डोलोमाइटच्या काही दऱ्यांत लादीन नावाची तिसरी, छोटी भाषा आहे, आणि तिथल्या पाट्या तीन भाषांत असतात.

हे सुखासुखी झालेले नाही. मुसोलिनीच्या राजवटीत इथल्या गावांची, नद्यांची, डोंगरांची जर्मन नावे काढून इटालियन नावे लादली. एत्तोरे तोलोमेई नावाच्या गृहस्थाने त्यासाठी आधीपासून यादीच तयार ठेवली होती. १९२३ पासून शाळांतून जर्मन हटवायला सुरुवात झाली. मग तळघरांत, माळ्यांवर, शेतघरांत चोरून मुलांना जर्मन शिकवू लागले. शिकवणाऱ्या बहुतेक तरुण मुली. त्या शाळांना 'भुयारी शाळा' म्हणत. पकडले तर दंड, तुरुंग, हद्दपारी. आंगेला निकोलेट्टी ही त्यातली एक शिक्षिका १९३० साली ऐन तारुण्यात वारली. थडग्यांवर जर्मन अक्षरे कोरण्यावरही बंदी आली. १९३९ साली हिटलर आणि मुसोलिनी यांनी मिळून लोकांपुढे पर्याय ठेवला: जर्मन राहायचे तर देश सोडा, इथे राहायचे तर जर्मनपण सोडा. प्रत्येक घरात यावरून दोन तट पडले. बहुतेकांनी जाण्याच्या बाजूने नाव दिले, प्रत्यक्षात सुमारे ७५,००० गेले.

युद्धानंतर १९४६ च्या करारात हक्कांचे आश्वासन मिळाले, पण अंमलबजावणी रेंगाळली. १९६० साली ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. जून १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे डझनावारी खांब स्फोटाने उडवले गेले. अखेर १९७२ साली नवी स्वायत्तता आली: प्रत्येक भाषेच्या शाळा वेगळ्या, पण दुसरी भाषा शिकणे सक्तीचे, सरकारी नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात, आणि नोकरी हवी असेल तर दोन्ही भाषांची परीक्षा. ऑस्ट्रियाने हा वाद मिटल्याचे जाहीर केले ते जून १९९२ मध्ये. म्हणजे बर्फातला माणूस वर आला तेव्हा हा वाद मिटायच्या अगदी शेवटच्या टप्प्यात होता. अशा वेळी एका प्रेतावरून वर्तमानपत्रांत दोन्हीकडून का शाई सांडली, हे मग कळते.

गावात मुसोलिनीने उभारलेले एक विजयस्मारक आहे, १९२८ सालचे. त्यावरच्या लॅटिन लेखाचा आशय असा की, ही देशाची सीमा आहे आणि इथून आम्ही इतरांना भाषा, कायदा आणि कला दिल्या. कित्येक वर्षे जर्मन लोकांना ते पाडायचे होते आणि इटालियन लोकांना राखायचे होते. शेवटी ते पाडले नाही. २०१४ साली त्याच्या तळघरात त्या काळाचे प्रदर्शन उघडले आणि एका खांबाला प्रकाशाच्या अक्षरांचे कडे बसवले. जे झाले ते तसेच ठेवून खाली त्याचा खुलासा लावायचा, ही रीत मला पटली. संग्रहालयाला जायच्या आधी ते पाहून घेतलेले बरे.

संग्रहालय एका जुन्या बँकेच्या इमारतीत आहे. २८ मार्च १९९८ रोजी ते उघडले. त्याच्या दोन महिने आधी बर्फातला माणूस थंड केलेल्या गाडीतून, पोलीस बंदोबस्तात, ब्रेनर ओलांडून आला होता. मजकूर जर्मन, इटालियन आणि इंग्रजीत. मजले चढत जावे तसे त्याचे सामान भेटत जाते, आणि खरे सांगायचे तर मला त्याच्यापेक्षा त्याचे सामानच जास्त बोलके वाटले.

तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड, सबंध दांड्यासकट. एवढी जुनी आणि अशी पूर्ण कुऱ्हाड जगात दुसरी नाही. पाते जवळजवळ शुद्ध तांब्याचे. ते तांबे आल्प्समधले असेल असे वाटत होते. २०१७ च्या तपासणीत ते दक्षिण टस्कनीचे निघाले, म्हणजे कित्येक शे किलोमीटर दूरचे. पाच हजार वर्षांपूर्वी खिंडीखिंडीतून व्यापार चालत होता. गारगोटीच्या पात्याची सुरी, सालीच्या दोऱ्यांनी विणलेल्या म्यानात. भूर्जसालीचे दोन डबे. एकात मॅपलच्या ताज्या पानांत गुंडाळलेले निखारे नेले होते. एका चुलीचा विस्तव दुसरीकडे नेण्याची ही युक्ती आपल्या आज्यांनाही ठाऊक होती. अस्वलाच्या कातड्याची टोपी, बकऱ्याच्या कातड्याचे पायघोळ, मेंढी-बकरीच्या पट्ट्या शिवलेला अंगरखा, आणि आत वाळलेले गवत भरलेले जोडे. तुटलेले धनुष्य १.८२ मीटर लांबीचे, आणि ते पुरते तासूनही झालेले नव्हते. भात्यात चौदा बाण, त्यांतले दोनच पुरे तयार.

अर्धवट धनुष्य आणि दोन बाण घेऊन तीन हजार मीटरवर कुणी शिकारीला जात नाही. ही विसंगती सुरुवातीपासून समोर होती. तरी दहा वर्षे सगळे मानत राहिले की तो वादळात सापडला, थकला आणि गोठून मेला. २००१ साली बोल्झानोच्या इस्पितळात क्ष-किरण चित्रे पुन्हा पाहताना पाउल गोस्टनर या डॉक्टरांना डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाचे टोक दिसले. इन्सब्रुकला इतकी चित्रे काढली होती, पण ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते. बाण मागून मारला होता. पुढच्या तपासण्यांत कळले की त्याने खांद्याखालची मोठी रोहिणी फाटली होती. काही मिनिटांत रक्तस्रावाने मृत्यू. उजव्या हाताच्या तळव्यावर काही दिवसांपूर्वीची खोल जखम, म्हणजे आधी झटापट झालेली. आतड्यातल्या परागकणांवरून कळते की शेवटच्या दीड दिवसात तो वरून दरीत उतरून पुन्हा वर चढला होता. पोट मात्र भरलेले: रानबकऱ्याचे आणि हरणाचे मांस, एक जुन्या जातीचा गहू. मारणाऱ्याने कुऱ्हाड नेली नाही. त्या काळी तांब्याची कुऱ्हाड म्हणजे मोठी दौलत. म्युनिकच्या एका गुन्हे-तज्ज्ञाने तपास करून मत दिले की चोरीसाठी नव्हे, वैरातून मारले असावे, आणि जेवताना त्याला धोका वाटत नव्हता.

आता तो स्वतः. एका खोलीत, उणे ६ अंश तापमानात आणि जवळजवळ पूर्ण ओलाव्यात तो पडलेला आहे. त्याला पाहायला खिडकी चाळीस सेंटीमीटर लांब-रुंद. ओळीत उभे राहून एकेकाने पाहायचे. शरीर सुकू नये म्हणून त्याच्यावर वेळोवेळी निर्जंतुक पाणी फवारतात. ते गोठते आणि अंगावर बर्फाची पातळ कांती येते. डावा हात छातीवरून आडवा गेलेला. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंची सुमारे १.६० मीटर. अंगावर ६१ गोंदण-खुणा, साध्या रेघा आणि फुल्या, बहुतेक कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या सांध्यांजवळ. नक्षीसाठी नव्हे, दुखण्यावर उपाय म्हणून केल्या असाव्यात, असे बरेच अभ्यासक मानतात. संग्रहालयांत ममी पाहण्यापेक्षा हे वेगळे आहे. ममी ही कुणीतरी निगुतीने गुंडाळलेली असते. हा पडला तिथेच राहिलेला आहे.

त्या रात्री आईचा फोन आला. सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अरे, त्याला अजून माती नाही दिली काय रे कुणी?" मी म्हणालो, "नाही गं, अभ्यास चालू आहे." "किती वर्षं?" "तीसच्या वर." "मग पुरे झाला की अभ्यास," एवढेच ती बोलली. हा प्रश्न तिकडेही विचारला जातो. संग्रहालयाची बाजू अशी की अजून नवे कळतेच आहे, आणि ते खोटे नाही. २०२३ साली जनुकांची नव्याने तपासणी झाली तेव्हा निघाले की त्याचे पूर्वज बव्हंशी अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून आलेले शेतकरी होते, त्याची कातडी समजले होते त्यापेक्षा सावळी होती आणि डोक्याला बहुधा टक्कल होते. संग्रहालयातला गोऱ्या, लांबकेसाळ ओत्झीचा पुतळा आता चुकीचा ठरला आहे. मी पाहिला तेव्हा लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. आणखी एक गोष्ट २०१६ ची. त्याच्या पोटात जठराचा व्रण करणारे हेलिकोबॅक्टर जीवाणू सापडले आणि त्यांचा वाण युरोपात आज आढळणारा नव्हे. तो आज मुख्यतः मध्य आणि दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे आढळतो. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "मग आपलाच म्हणायचा."

सापडवणाऱ्यांचे काय झाले, तेही सांगून ठेवतो. हेल्मुट सिमोन यांचा २००४ साली डोंगरातच पडून मृत्यू झाला. त्यावरून 'शाप' वगैरे बातम्या पुष्कळ रंगल्या. त्या माणसाशी शेकडो लोकांचा संबंध आला आणि त्यांतले काही तेरा-चौदा वर्षांत वारले, यात शापाला जागा कुठे आहे? खरी गोष्ट अधिक कंटाळवाणी आहे. शोधाचे बक्षीस किती, यावर सिमोन कुटुंब आणि प्रांत सरकार यांच्यात वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालली. २०१० साली १,७५,००० युरोंवर तडजोड झाली, आणि ते पैसे एरिकाबाईंना मिळाले.

तिझेनयोखला आता दगडांचा चार मीटर उंच मनोरा आहे. त्याच्या आसपासचे बर्फ दर उन्हाळ्यात मागे हटते आहे, आणि बर्फाबरोबर पाणी वाहण्याचा माथाही सरकतो. हद्द पाण्याच्या वाटेवर ठरवलेली असल्याने इटलीने ऑस्ट्रियाशी आता असे मान्य केले आहे की हिमनद्यांवरची हद्द हलती धरायची आणि वेळोवेळी पुन्हा मोजायची. बर्फातल्या माणसापुरती मात्र १९९१ ची मोजणीच धरली आहे.